सहदेवच्या गोडंब्या

पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम कुणी घातला देव जाणे. पण ज्यानं घातला त्यानं माहेरात आई असणार हे धरूनच घातला. सहदेव परबच्या घरात आई नव्हती. त्याची बायको वनमाला जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती. तरीही त्याच्या एकुलत्या एक मुलीला, दीप्तीला, सातवा महिना लागला तेव्हा हा माणूस अंधेरीला तिच्या सासरी गेला, सोफ्याच्या काठावर बसला आणि चहा यायच्या आत सांगून मोकळा झाला, "बाळंतपण मुलुंडला. माझ्याकडे."

दीप्तीच्या सासूबाई, उत्तराबाई, शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेल्या. बोलणं मोजकं, पण प्रश्न असा की समोरच्यानं उभं राहूनच उत्तर द्यावं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. "तुमची हौस समजते मला, सहदेवराव. पण तुमच्याकडे करणार कोण?"

"मी."

"तुम्ही?"

"का? आवशीबगर चेडवाक म्हायार नसता काय?" सहदेव चिडला की त्याच्या तोंडून मालवणी बाहेर पडायची. मग त्याला आपण कुठं बसलोय ते आठवलं आणि आवाज खाली आला. "म्हणजे, आई नसली म्हणून मुलीला माहेर नसतं का? बाई ठरवलीय मी आंघोळीला, शेकशेगडीला. बाकी स्वयंपाक मला येतो आता."

जावई यज्ञेश भला मुलगा. आईकडे एकदा आणि सासऱ्याकडे एकदा बघून तो म्हणाला, "आई, त्यांना करू दे ना." उत्तराबाईंनी मान हलवली. ती होकाराची होती की हताशपणाची, ते त्यांनाच ठाऊक.

आता सहदेवबद्दल एक सांगायला हवं. तो जन्मभर भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होता. बाप गिरणीत, हा कारखान्यात. मशीन उघडायचं, एकेक सुटा भाग पुसून फडक्यावर मांडायचा, पुन्हा जोडायचं, हे त्याचं आयुष्य. बाळंतपणही त्यानं तसंच मांडलं. अळीव, डिंक, खारीक, बाळंतशेपा, वावडिंग, सगळं बरण्यांत भरून फळीवर ओळीनं लावलं. जुनी नऊवारी लुगडी धुऊन, उन्हात वाळवून, दुपट्यांसाठी फाडून ठेवली. ती लुगडी वनमालाच्या आईची होती हे त्याला नंतर शेजारच्यांनी सांगितलं, पण तोवर फाडून झाली होती. सोसायटीतल्या बायका त्याच्याकडे बघून पदराआड हसत आणि घरी गेल्यावर नवऱ्यांना टोमणे मारत. एकंदरीत श्रमसाफल्य सोसायटीतल्या नवरेमंडळींना तो हिवाळा जडच गेला.

सगळं झालं, राहिले ते डिंकाचे लाडू. आणि लाडवात गोडंबी हवी.

गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. बिब्बा हे रानातलं झाड. त्याच्या काळ्या, बदामाच्या आकाराच्या बीला कवच असतं आणि कवचात तेल असतं, ते अंगाला लागलं की कातडी सोलून निघते. पण त्याच कवचाच्या आत इवलासा गर असतो, पांढरट, गोडसर. बाळंतिणीच्या कंबरेला त्याच्यासारखं दुसरं काही नाही असं जुन्या बायका सांगत. निसर्गानं असली गंमत का केली असेल, विषाच्या डबीत खाऊ का ठेवला असेल, यावर बोलत बसावं तेवढं थोडं.

श्रमसाफल्य सोसायटी मुलुंडला अगदी डोंगराच्या पायथ्याशी आहे. मागच्या भिंतीपलीकडे नॅशनल पार्कचं जंगल सुरू होतं. भिंतीच्या अलीकडे, पाण्याच्या टाकीशेजारी, एक बिब्ब्याचं झाड होतं. सोसायटी बांधली तेव्हा ते कुणी तोडलं नाही, एवढंच त्याचं नशीब. राठ, हातभर लांब पानं, काळपट खोड. ते काही कुणी फोटो काढावा असं झाड नव्हतं. पण थंडी सुरू झाली की त्याला फळं धरत. वर नारिंगी बोंड आणि त्याच्या टोकाला लटकलेली काळी बी. सहदेवला पहिल्यांदा ते दिसलं तेव्हाच तो म्हणाला होता, "अरे, हो तर काजूचो चुलतभाव!" आणि ते खरंही होतं. कोकणातल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

दर हिवाळ्यात वनमाला त्या झाडाखाली जायची. सहदेवला सेकंड शिफ्ट असली की दुपारी निघण्यापूर्वी तो मागच्या खिडकीशी चहा पीत उभा असे, तेव्हा ती दिसायची. डोक्याला फडकं, हाताला फडकं, हातात सांडशी आणि शेजारी जुनी पत्र्याची बादली. एकेक बिब्बा सांडशीनं उचलून बादलीत टाकायची. आणि मग पंधरा दिवसांत घरात डिंकाचे लाडू व्हायचे, लाडवात गोडंब्या. दोन टोकं दिसली की फिटर माणूस मधला पट्टा आपोआप जोडतो. वनमाला झाडाखालून बिब्बे आणते, फोडते, गोडंब्या काढते, हे सहदेवनं आपल्याशी पक्कं केलं होतं. त्याबद्दल त्यानं तिला कधी विचारलं नाही. विचारण्यासारखं काय होतं त्यात?

दीप्तीला मुलगी झाली. मुलुंडच्याच नर्सिंग होममध्ये, कसलीही कापाकापी न होता. नर्सनं बाळ आणून सहदेवच्या हातात दिलं. त्यानं आयुष्यभर हातोडे आणि पाने उचलले होते, पण ते एवढंसं वजन त्यानं दोन्ही कोपरं अंगाशी घट्ट आवळून धरलं. बाळानं एक डोळा किलकिला करून त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटून घेतला. सहदेव घरी आला तो हवेतच. परवा पोर घरी येणार आणि लाडू झालेले नाहीत, हे जिना चढताना त्याच्या डोक्यात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बादली आणि सांडशी घेऊन झाडाखाली उतरला. खाली बिब्ब्यांचा सडा पडला होता. दोन हिवाळे कुणी उचलले नव्हते.

तळमजल्यावरचा बाळा सावंत खुर्ची टाकून उन्हाला बसला होता. सहदेवचा कारखान्यातला सोबती, गुडघ्यांनी रिटायर केलेला. "काय रे, काय आरंभलंस?"

"गोडंब्या काढतोय. दीप्तीच्या लाडवांना."

"येडा की काय तू? बाजारात मिळतात की पाकिटात. सोललेल्या, स्वच्छ."

"वनमालानं कधी विकतच्या आणल्या नाहीत." सहदेवच्या आवाजात असा काही अभिमान होता की बाळा सावंतनं पाकिटाचा विषय सोडून दिला. "आणि तू मला सांगतोस? लहानपणी आमच्या परड्यात पोतंपोतं काजी भाजल्यात मी. खेळ आहे तो."

इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. काजूची बीही तेलकट, तीही उतते, पण कोकणातलं पोरगंसोरगं ती भाजतं. भोकं पाडलेला पत्र्याचा डबा, खाली पालापाचोळ्याचा जाळ, वर बिया. तेल सुटतं, भडका उडतो, डबा राखेत उपडा करायचा, थंड झालं की दगडानं ठेचायचं आणि काळ्या हातांनी गर खायचा. सहदेवच्या बालपणातलं सगळ्यात मोठं सुख तेच होतं. तेव्हा चुलतभावाला जी रीत तीच याला, असं त्यानं ठरवलं. एवढा धडधडीत मूर्खपणा घाटावरच्या माणसानं केला नसता. तो बिब्ब्याला भिऊन असतो. काजूच्या गावचा माणूसच असा धीट होतो.

त्यानं हातांना खोबरेल चोपडलं, टाकीमागं तीन विटा मांडल्या, डबा चढवला. बाळा गंमत बघायला जवळ आला. थोड्या वेळानं डब्यातून चुरचुर आवाज सुरू झाला आणि काळा, चिकट, जड असा धूर निघाला. काजूच्या धुराला एक खमंग वास असतो. याला तसा नव्हता. सहदेवच्या घशात काहीतरी ओरखडल्यासारखं झालं, तरी तो वाकून, फुंकर मारत, डबा हलवत राहिला. डोळ्यांना धार लागली तेव्हा त्यानं ती मनगटानं पुसली. बाळा खोकत मागं सरला. "सहदेवा, बस कर रे, हे काय बरोबर दिसत नाय!"

"होतंय, होतंय," सहदेव म्हणाला. बारक्या वाटीभर गोडंब्या निघाल्या, अर्ध्या जळलेल्या. त्यानं त्या झाकून ठेवल्या आणि आंघोळ करून दीप्तीला डबा द्यायला निघायचं म्हणून शर्ट घालू लागला, तर कॉलरचं बटण लागेना. मान सुजायला सुरुवात झाली होती.

सकाळपर्यंत बिब्बा पुरता उतला. चेहरा लाल भोपळा झाला, डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या, दोन्ही हातांवर पाण्याचे फोड. नाक्यावरच्या डॉक्टरनं सगळी हकिकत ऐकली, कपाळाला हात लावला, इंजेक्शन दिलं, मलम दिलं. "नशीब डोळे वाचले. आणि हे बघा काका, हे पूर्ण बरं होईपर्यंत त्या बाळाला हात लावायचा नाही. तिचे कपडे नाही, भांडी नाहीत, काही नाही. कळलं?"

सहदेवला कळलं होतं. त्या वाटीभर गोडंब्या तर डॉक्टरनं फेकूनच द्यायला सांगितल्या. बाळा सावंतचा एकच डोळा सुजला होता. तो जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "पोरीच्या बाळंतपणात चांगला बिब्बा घातलास की रे!" एरवी सहदेवनं त्याला शिवी हासडली असती. त्या दिवशी तो नुसता कठड्याला धरून उभा राहिला. सावंतला आपलंच बोलणं लागलं आणि तो लंगडत परत फिरला.

यज्ञेशला त्यानं फोनवर सर्दी झाल्याचं सांगितलं. ही थाप त्याच दुपारपर्यंत टिकली, कारण तेव्हा बाळ-बाळंतीण दारात आली.

दारात भाकरतुकडा ओवाळायचा, पाय धुवायचे, मग आत घ्यायचं. सगळी तयारी सहदेवनं ताटात मांडली होती आणि स्वतः तोंडाला टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघराच्या दाराआड उभा होता. "बाबा?" दीप्तीनं हाक मारली. "बाबा, टॉवेल काढा बघू."

त्यानं काढला. दीप्ती मट्‌कन सोफ्यावर बसली. यज्ञेशच्या तोंडून "बाप रे" एवढंच निघालं. उत्तराबाईंनी बाळाला छातीशी घट्ट धरलं, एक पाऊल मागं घेतलं आणि सगळी कहाणी उभ्याउभ्या ऐकून घेतली. मग बाळाला यज्ञेशच्या हाती देऊन त्यांनी स्वतःच ताट उचललं, विहिणीच्या रिकाम्या घराच्या उंबऱ्यावर आपल्याच सुनेवरून भाकरतुकडा ओवाळला आणि बाहेर टाकला. सहदेव लांबून बघत राहिला. त्याला ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं. त्यातलं काहीच त्यानं केलं नाही.

"सहदेवराव," ताट ठेवून उत्तराबाई म्हणाल्या. आवाज कडक नव्हता, त्यामुळे तो जास्तच लागला. "मी काही लागट बोलणार नाही. तुम्ही मनापासून केलंत. पण तुम्ही बाळाला हात लावू शकत नाही, स्वयंपाक करू शकत नाही. यांना मी संध्याकाळच्या आत अंधेरीला नेते. यज्ञेश, तू औषधं घेऊन ये आणि येताना गाडीच सांगून आण."

सहदेवनं मान डोलावली.

यज्ञेश गेला. उत्तराबाई स्वयंपाकघरात बाळाच्या बाटल्या आणि दुपटी पिशवीत भरू लागल्या. आतल्या खोलीत छताच्या हुकाला झोळी टांगलेली होती, सहदेवनंच आठवड्यापूर्वी चारदा ओढून तपासलेली. तिच्यात बाळ किरकिरत होतं. दीप्ती पलंगावर बसून एका हातानं झोका देत होती आणि तिचं डोकं पुन्हापुन्हा छातीवर झुकत होतं. सहदेव बाहेरच्या खोलीत, दाराच्या उंबऱ्यापासून दूर, भिंतीला टेकून खाली बसला. इथून त्याला पोरीचे पाय दिसत होते. सुजलेले, वनमालासारखे रुंद पाय.

"जा गो तू अंधेरीला," तो म्हणाला. "चूक माझीच आहे. तुझी आई इतकी वर्षं हेच बिब्बे फोडत होती, तिला कधी काही झालं नाही. माझ्या हाताला ते यश नाही, दुसरं काय."

"आई बिब्बे फोडायची? कधी?"

"दर वर्षी. लाडवातल्या गोडंब्या कुठून यायच्या मग?"

दीप्ती हसली, पण पोटात कळ आली तशी हसू आवरून पोट धरून बसली. "बाबा, गोडंब्या आई घाटकोपरहून आणायची. काष्ठौषधीचं दुकान होतं ना एक, तिथून. मी जायचे तिच्याबरोबर. तो दुकानदार मला ज्येष्ठमधाची काडी द्यायचा."

सहदेवला वाटलं, सुजेमुळे आपल्याला नीट ऐकूच आलं नाही. "मग ती बादली? मी बघितलंय तिला. सांडशीनं वेचायची."

"वेचायची आणि भिंतीपलीकडे जंगलात फेकायची सगळे. खाली पोरं खेळतात, कुणाच्या हातात पडू नयेत म्हणून." तिनं झोळीला झोका दिला. "मी पहिलीत होते तेव्हा मी एक चावला होता. वरचं बोंड खायला गेले आणि बी दाताखाली आली. ओठ हे एवढे सुजले. आठवतं?"

"तुका गांधीलमाशी चावलेली तेव्हा."

"आईनं तुम्हाला तसं सांगितलं."

सहदेवला ते लख्ख आठवलं. शिफ्टवरून आला तर पोरीचं तोंड सुजलेलं. गांधीलमाशी, असं वनमाला म्हणाली. त्या रागात त्यानं बांबूला चिंधी बांधली, रॉकेलमध्ये बुडवली आणि गॅलरीच्या छज्ज्याखालचं गांधीलमाश्यांचं पोळं जाळून टाकलं. वनमाला मागं उभी राहून "अहो, जाऊ दे ना" म्हणत होती. त्या बिचाऱ्या माश्यांनी कुणाला काही केलं नव्हतं. वर पुढची कित्येक वर्षं हा पराक्रम त्यानं कारखान्यात सांगितला होता.

"माका का नाय सांगितल्यान?" तो अगदी लहान आवाजात म्हणाला.

"तुम्ही झाड तोडलं असतंत."

"तोडलंच असतं," सहदेव म्हणाला. तो खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता.

"म्हणून नाही सांगितलं. आईच्या लांज्याच्या घरापुढं असंच झाड होतं ना. आजी गेली, मामांनी घराच्या वाटण्या केल्या, मग ती कधी गेलीच नाही तिकडे. ही जागा बघायला तुम्ही दोघं आलात तेव्हा तिला मागच्या खिडकीतून हे दिसलं. मला म्हणाली होती एकदा, जागा मी बघितलीच नाही गं, झाड बघितलं आणि हो म्हटलं."

सहदेवला त्या दिवसाचंही सगळं आठवत होतं, म्हणजे त्याच्या बाजूचं. बिल्डरच्या माणसाला त्यानं पाण्याचं प्रेशर विचारलं होतं, नळ सोडून बघितला होता, ओट्याची उंची मापली होती. बायकोला म्हणाला होता, बघ, तुझ्या उंचीचा ओटा आहे. ती खिडकीशी पाठमोरी उभी होती. "चालेल," म्हणाली. इतकी वर्षं तो सगळ्यांना सांगत आला होता की वनमालाला ओटा आवडला म्हणून जागा घेतली.

त्याला खूप वाईट वाटलं. बायको गेली तेव्हाचं दुःख वेगळं होतं. ते सगळ्यांना दिसलं, लोक भेटायला आले, डबे घेऊन आले. हे त्याचं एकट्याचं होतं. एका माणसाबरोबर पस्तीसेक वर्षं एका छताखाली काढली, ती दुष्ट नव्हती, हा दुष्ट नव्हता, कधी मोठं भांडण नाही. पण त्यानं तिच्याबद्दल जे जे पक्कं धरलं होतं त्यातलं किती खरं होतं? आता विचारायला माणूस नव्हतं. बघत तो सगळं होता, विचारत मात्र काहीच नव्हता. आणि बघितल्यावर आपल्याला कळलं असं समजून शिफ्टला निघून जात होता.

झोळीतलं बाळ पुन्हा रडू लागलं. दीप्तीनं डोळे ताणून उघडले आणि झोका दिला. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. सहदेवनं ते आता बघितलं, आणि या खेपेला मधला पट्टा आपला आपण जोडला नाही.

"दीप्ती," तो म्हणाला, "लाडू आवडतात काय गो तुला? गोडंबीचे?"

तिनं वर बघितलं. बापाचा असा प्रश्न तिच्या कानाला सवयीचा नव्हता. "नाही, बाबा. कधीच नाही आवडले. गोडंब्या मी काढून आईच्या ताटात टाकायचे."

"मग काय होया तुका? सांग. अंधेरीला जायचंय? जायचं असलं तर जा, मला राग नाही. पण काय पाहिजे ते तू सांग."

दीप्तीचा झोक्यावरचा हात थांबला. ती शिकलेली, नोकरी करणारी पोर, सासरी कधी उलटून न बोललेली, आणि आता एकदम लहान मुलीसारखी रडायला लागली. "झोप. मला झोप पाहिजे, बाबा. दवाखान्यात सारखं कुणी ना कुणी येत होतं. तिकडे गेले की चुलत सासूबाई येणार, आत्या येणार, सगळे बाळ बघायला येणार. चांगले आहेत हो सगळे. पण तिथं झोपले तरी एक कान उघडा ठेवून झोपावं लागतं. मला इथं झोपायचंय. दोन्ही कान बंद करून."

स्वयंपाकघरातला बाटल्यांचा आवाज थांबला होता. तो कधी थांबला ते दोघांनाही कळलं नाही.

सहदेव हात टेकून उठायला गेला, फोडांची आठवण होऊन कण्हला, मग गुडघ्यांवर जोर देऊन उठला. त्याचे हात गेले होते, चेहरा गेला होता, पण पाय शाबूत होते. "त्या झोळीला एक लांब दोरी बांध," तो म्हणाला. "कपडे वाळत घालायची आहे ना कपाटात, नवी, ती. मी नाही हात लावत. तू बांध आणि दुसरं टोक इकडे बाहेर टाक."

दीप्तीनं बांधली. दोरी उंबरा ओलांडून बाहेरच्या खोलीत आली. सहदेव पुन्हा भिंतीला टेकून बसला, पाय लांब केला, तिनं टाकलेल्या टोकाचा फास अंगठ्यात अडकवला आणि ओढून बघितलं. आतली झोळी हलली. फार जोरात हलली. त्यानं ओढ कमी केली. मशीनचा ठेका पकडायची त्याला जन्माची सवय होती. दोन-चार हेलकाव्यांत त्याला झोळीचं वजन समजलं, कुठं ओढायचं आणि कुठं सोडून द्यायचं ते समजलं. किरकिर कमी झाली, मग थांबली.

"आडवी हो आता," तो म्हणाला.

"बाबा, ती उठली तर..."

"मी आहे ना जागा. आडवी हो."

ती आडवी झाली. उशीला डोकं लागेपर्यंत काहीतरी सांगत होती, अंगठा दुखेल वगैरे, ते वाक्य तिनं पुरं केलं नाही. थोड्याच वेळात ती घोरू लागली. तोंड उघडं, एक हात पलंगाखाली लोंबकळलेला, केस तोंडावर. सासरच्या कुणी तिला असं झोपलेलं बघितलं नसेल. सहदेवला उठून तो हात वर ठेवावासा वाटत होता. पण त्याचं काम अंगठ्याशी होतं, तो तिथंच बसून राहिला.

थोड्या वेळानं जिन्यात पावलं वाजली. यज्ञेशचा फोन आला असावा, कारण स्वयंपाकघरात उत्तराबाई दबक्या आवाजात "हो, येतोय" म्हणाल्या. मग भरलेली पिशवी खांद्याला लावून त्या बाहेरच्या खोलीत आल्या. त्यांनी आधी दोरी बघितली. दोरीच्या एका टोकाला आपले व्याही बघितले, भोपळ्यासारखा चेहरा, घट्ट मिटल्यासारखे डोळे, लांब केलेला पाय. मग दोरीच्या मागोमाग त्यांची नजर आत गेली, झोळीवरून पलंगावर. त्या बराच वेळ सुनेकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांचा चष्मा धुरकटला होता, पण त्यांनी तो पुसला नाही.

"गाडी खाली उभी आहे," शेवटी त्या म्हणाल्या. नेहमीसारखा सरळ प्रश्न त्यांना जमेना. "उठवायचं का हिला?"

"नको, विहीणबाई," सहदेव म्हणाला. "माहेरवाशीण झोपलीय. माहेरवाशिणीला उठवत नाहीत."

उत्तराबाईंनी पिशवी खांद्यावरून काढून कोपऱ्यात ठेवली. दार किलकिलं करून बाहेर आलेल्या यज्ञेशला ओठांवर बोट ठेवून दाखवलं आणि गाडी परत पाठवायची खूण केली. पदर खोचून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि एकेक डब्याचं झाकण उघडून बघू लागल्या.

"मूगडाळ मधल्या फळीवर, डावीकडे," सहदेव हळूच म्हणाला. पाय त्यानं थांबवला नाही.